वूफर दबका वाजतोय: ॲम्प बदलायचा, बॉक्स की नुसती वायर?

गाडीच्या डिकीत बारा इंची वूफर (बेसचा स्पीकर) आहे, ॲम्पचा म्हणजे ॲम्प्लिफायरचा दिवा लागतो, वूफरचा कोन म्हणजे पडदाही हलतो, पण बेसमध्ये दम नाही. दुकानात गेलात की उत्तर ठरलेलं: "साहेब, ॲम्प छोटा पडतोय, मोठा टाका." छोट्या ॲम्पमुळेच अडलंय असं फार कमी वेळा असतं. प्रत्येक पर्यायाने आवाज किती डेसिबल वाढेल, एवढा हिशेब केला तरी पैसे कुठे घालायचे ते कळतं.

मोठा ॲम्प

500 वॅटच्या जागी 1000 वॅटचा ॲम्प बसवला की आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला तो "जरा चढला" इतकाच जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शिवाय 1000 वॅटचा ॲम्प जोरात वाजताना शंभरेक ॲम्पिअर ओढू शकतो. लहान हॅचबॅकमध्ये बॅटरी 35 ॲम्पिअर-तासांची, त्याच अल्टरनेटरवर एसी आणि हेडलाइट. म्हणजे ॲम्पच्या किमतीवर जाड वायरचा खर्चही चढतो.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर तर जाऊच नका. ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा. 30 ॲम्पिअरचा फ्यूज, 13 व्होल्ट आणि 80 टक्के कार्यक्षमता धरली तर खरी ताकद निघते तीनशे वॅटच्या आसपास, मग वर "2000 वॅट" लिहिलेलं असो. तुलना करायची ती आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीच्या आकड्यांची.

आहे त्याचीच जोडणी

माझं मत विचाराल तर आधी इथेच हात घाला. बरेचसे वूफर डबल कॉइलचे असतात, म्हणजे कोन हलवणारी तारेची वेटोळी दोन. ओहम म्हणजे कॉइलचा विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितकी ॲम्पमधून जास्त ताकद निघते. 4 ओहमच्या दोन कॉइल सीरिजमध्ये जोडल्या तर होतात 8 ओहम, पॅरलल जोडल्या तर 2. जो मोनो (एकाच चॅनेलचा) ॲम्प 2 ओहमला 500 वॅट देतो, तो 8 ओहमला जेमतेम सव्वाशे देईल. म्हणजे वायरचे दोन तुकडे इकडचे तिकडे केले की ताकद चौपट, आवाज 6 डेसिबल वर, खर्च शून्य. मात्र ॲम्प 2 ओहम झेपणारा आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्या, नाहीतर तो तापून प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल. एक कॉइल जोडायचीच राहून गेली, असंही सर्रास घडतं.

दुसरी शंका पोलॅरिटीची. दोन वूफर असतील आणि एकाची प्लस-मायनस उलटी असेल, तर एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि बेस जवळजवळ गायब होतो. वूफर एकच असला तरी दाराच्या स्पीकरशी त्याचा फेज (कोन आत-बाहेर होण्याची वेळ) जुळला नाही की 80 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तपासणं सोपं आहे: ओळखीचं गाणं लावा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि कुणाला तरी फेजचं बटण 0 वरून 180 वर करायला सांगा. ज्या बाजूला बेस भरीव लागेल, तीच बरोबर. बटण नसेल तर वूफरच्या वायरी अदलाबदल करून ऐका.

मग सेटिंग. स्टीरिओत सबवूफर आउटपुट चालू आहे ना आणि त्याची लेव्हल शून्यावर तर नाही ना? लो-पास (वरचे सूर कापून फक्त बेस वूफरकडे सोडणारा फिल्टर) 80 हर्ट्झच्या आसपास हवा. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) कुणीतरी 50 वर नेऊन ठेवला असेल तर खालचा बेस तिथेच कापला जातो. तो 25 ते 30 वर आणा. ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो स्टीरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो. तो पूर्ण पिळला की आवाज फाटतो आणि कॉइल जळते. कंपनीच्या स्टीरिओवरून सिग्नल घेतला असेल तर आणखी एक भानगड: काही स्टीरिओ आवाज वाढवला की बेस आपणहून कमी करतात. तिथे ॲम्प कितीही मोठा घातला तरी उपयोग नाही.

अर्थिंगसाठी मल्टिमीटर घ्या, पाचशे रुपयांच्या आत मिळतो. इंजिन चालू ठेवून, गाणं जोरात लावून ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 14 आणि ॲम्पवर 12 आलं, तर मधे कुठेतरी दोन व्होल्ट खाल्ले जातायत. बहुतेक वेळा रंग न खरवडता बसवलेला अर्थचा थिंबल (वायरच्या टोकाची कडी) निघतो, नाहीतर तांब्याच्या नावाखाली विकलेली, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका, बोल्ट सुरक्षेचा आहे.

बॉक्स

जोडणी ठीक असेल तर पैसे घालायची जागा ही. सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स बारा इंचीला साधारण 28 लिटरमध्ये भागतो, बेस आटोपशीर आणि नेमका. पोर्टेडला (हवेसाठी भोक किंवा नळी, म्हणजे पोर्ट असलेल्या बॉक्सला) जवळपास दुप्पट जागा लागते, पण पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या आसपास 3 डेसिबल किंवा जास्त मिळतात, म्हणजे दुप्पट ॲम्पचं काम. बाजारातले तयार पोर्टेड बॉक्स आणि बेसट्यूब (नळीच्या आकाराचे बॉक्स) बहुधा एकाच सुरात घुमतात. डीजे गाण्यांना ते चालतं, बास गिटारला नाही. तिची सर्वात खालची तार 41 हर्ट्झची, आणि तिथून वरचा प्रत्येक सूर सारखाच यायला हवा. घरी सील्ड बॉक्स असेल तर कोन हाताने अलगद दाबून सोडा. झटकन परत आला तर हवा गळतेय. टर्मिनलच्या कपाभोवती सिलिकॉन भरलं की काम होतं.

सेडान असेल तर मागची सीट पाडून ऐका. लगेच बेस उसळला तर आवाज डिकीतच कोंडला जात होता. अशा गाडीत मोठ्या ॲम्पपेक्षा सीटमधली आर्मरेस्टची खिडकी किंवा वूफरचं तोंड फिरवणं उपयोगी. आठ इंची अंडरसीट ॲक्टिव्ह वूफरही (सीटखाली बसणारा, ॲम्प आतच असलेला) इथे विचारात घेण्यासारखा आहे. तो अगदी खालचं काही वाजवत नाही, पण केबिनमध्येच असतो आणि डिकी मोकळी राहते.

नवा वूफर

4 ओहमची कॉइल मीटरवर साधारण 3.2 ते 3.6 दाखवते. आकडाच येत नसेल किंवा कोन दाबताना आतून खरखर होत असेल, तर वूफर गेला. एरवी नवीन घेण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला मिळणारा आवाज) आताच्यापेक्षा 3 डेसिबल तरी जास्त असेल.

एवढं सगळं जागेवर असूनही वूफर 500 वॅट आरएमएसचा आणि ॲम्प दीडशेचा असेल, तर मात्र ॲम्प बदलाच. त्याबरोबर अस्सल तांब्याची 4 गेजची वायर बॅटरीपासून टाकून घ्या आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या दीड फुटाच्या आत लावायला सांगा. बरेच फिटर तो सोयीसाठी डिकीत लावतात, आणि मग वाटेत वायर सोलून बॉडीला टेकली तर तो काहीच वाचवत नाही.