८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉप्लर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

डॉप्लर म्हणजे त्वचेवर प्रोब (टोकाची कांडी) ठेवला की आतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र. लिहायला कारण त्या प्रोबची वायर. बाहेरून धड दिसते, पण प्रोबच्या मुळाशी आतली तार तुटली की कधी आवाज येतो, कधी नुसती खरखर. विक्रेता वायर बदलून देत नाही, अख्खा प्रोब घ्यायला लावतो. वॉरंटीत वायर धरलेलीच नाही, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन स्तन पुन्हा उभारायचा, म्हणजे डीआयईपी फ्लॅप (रक्तवाहिन्यांसह उचलून छातीवर जोडलेला पोटाचा तुकडा) करायचा, तर ही खरखर परवडत नाही. रात्री दोनला सिस्टर म्हणतात, "आवाज गेला." फ्लॅपची रक्तवाहिनी बंद पडली की वायर? आधी प्रोब स्वतःच्या मनगटावर ठेवा. तिथे नाडी वाजली तरच फ्लॅपवरची शांतता खरी धरा, आणि मग एक मिनिटही घालवू नका. वायर मशिनीभोवती आवळून गुंडाळू नका, मोठं सैल वेटोळं करा. तार तुटते ती त्या आवळण्यानेच.

ऑपरेशनच्या नियोजनात डॉप्लर कितपत पुरतो, याबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला वाटलं होतं, डॉप्लर असताना पेशंटला सीटी अँजिओच्या (औषध टोचून रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनच्या) खर्चात कशाला घालायचं? हे चूक होतं. बेंबीभोवती साताठ जागी आवाज येतो, पण सगळे पर्फोरेटर (स्नायूतून वर त्वचेकडे येणाऱ्या बारीक वाहिन्या) नसतात. स्नायूखालची मुख्य धमनी किंवा चरबीतून आडवी जाणारी फांदीही तशीच वाजते. वाहिनी स्नायूतून किती लांब वाट काढते, हे आवाजातून कळत नाही. प्रोब जोरात दाबला तर बारीक वाहिनी दबून गप्पच होते.

सीटीच्या चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची अँजिओ' लिहिलंत, तर जाड कापांच्या फिल्म आणि 'नॉर्मल' असा रिपोर्ट हातात येतो. त्याचा उपयोग शून्य. लिहा: १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, बेंबीच्या ४ सेंटिमीटर वरपासून जांघेपर्यंत, धमनीचा फेज (औषध धमन्यांत असतानाच काढलेली चित्रं), सीडीसह. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघा. पेशंट उताणी हवी आणि परकराची नाडी सोडलेली हवी, नाहीतर पोट दबून मापं सरकतात. बेंबी शून्य धरून आडवं-उभं अंतर काढा, त्वचेवर खूण करा आणि तिथे डॉप्लरने ताडून बघा. जाड, सोबत चांगली शीर (रक्त परत नेणारी वाहिनी) असलेला आणि स्नायूतून आखूड वाटेने येणारा पर्फोरेटर निवडा.

जुने व्रण नीट बघा. सिझेरियनचा आडवा व्रण सहसा आड येत नाही, पण त्यात वरवरची शीर कापली गेलेली असू शकते. पोटाच्या मधोमध उभा व्रण असेल, तर पलीकडच्या अर्ध्या भागाला रक्त पोहोचेल असं गृहीत धरू नका. आणि मिश्री! कागल-गडहिंग्लजकडच्या बायका "तंबाखू नाही" म्हणतात ते मनापासून, कारण मिश्री त्या तंबाखूत मोजत नाहीत. वेगळं विचारा आणि किमान ४ आठवडे बंद करायला सांगा. निकोटिनने वाहिन्या आकसतात, जखमा भरत नाहीत.

डॉप्लरची खरी किंमत ऑपरेशननंतर कळते. आवाज स्पष्ट येतो तिथे त्वचेवर एक टाका घालून ठेवा, म्हणजे प्रत्येक ड्युटीची सिस्टर तीच जागा ऐकेल. पहिले २४ तास दर तासाला. फक्त धमनी वाजते म्हणून निश्चिंत राहू नका. शीर तुंबली तरी धमनी काही वेळ वाजत राहते. फ्लॅप निळसर, फुगलेला आणि दाबून सोडताच झटकन रंग भरणारा दिसला, तर आवाज असूनही सर्जनला उठवा.

प्रोब नवा मागवला आहे. वायरच्या मुळाशी यावेळी पहिल्या दिवसापासून सिलिकॉनची नळी चढवणार.