चेहऱ्याला करडई, टाचांना मुठेल, मग खोबरेल कुठे?

थंडी पडली की मैत्रिणी विचारतात, त्वचेला कुठलं तेल लावू गं? मी म्हणते, आधी सांग लावणार कुठे. चेहरा आणि टाचा यांना एकच तेल चालेल असं नाहीये. कॉलेजात असताना मी रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपायचे आणि सकाळी केसांच्या कडेने कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग उठलेली असायची, दोन वर्षं मी ते पोट बिघडल्यामुळे होतंय असंच धरून चालले होते.

खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, म्हणजे तेल ज्या स्निग्धाम्लांचं बनतं त्यातलं एक (पुढे येणारी लिनोलेइक, ओलेइकही तसलीच). हातापायांना मस्त, अंघोळीनंतर ओलसर अंगावर लावा म्हणजे पाणी आत टिकतं. पण पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर नकोच.

त्या चेहऱ्यासाठी मी करडई सांगेन, तेच आपलं सोलापूर-मराठवाड्याकडचं, भाजीला फोडणी देतो ते. पिंपल्सवाल्यांच्या त्वचेच्या स्वतःच्या तेलात लिनोलेइक ॲसिड कमी असतं असं आढळलंय, आणि करडईत ते 70 टक्क्यांच्या वर असतं, शिवाय तेल पातळ, दोन-तीन थेंबात चेहरा होतो. पण हल्ली हाय ओलेइक जातीचं करडई तेलही मिळतं, त्यात उलटा हिशोब, ओलेइक जास्त आणि लिनोलेइक कमी, म्हणून बाटलीमागचा तक्ता वाचा, पॉलीअनसॅच्युरेटेडचा (लिनोलेइक यात मोजतात) आकडा मोनोअनसॅच्युरेटेडपेक्षा (ओलेइक यात) बराच मोठा हवा. सूर्यफुलाचंही तेच. आणि लहान बाटली घ्या, हे तेल लवकर खवट होतं, वास बदलला की तोंडाला लावू नका.

तिळाचं तेल खोबरेल आणि करडईच्या मधलं. ओलेइक आणि लिनोलेइक साधारण 40-40 टक्के, आणि तिळातल्या सेसमॉलसारख्या घटकांमुळे जास्त टिकतं. अभ्यंगाला, कोरड्या अंगाला छान. तिळाची ॲलर्जी असेल तर मात्र लांबच राहा.

आता माझं लाडकं, मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल. बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर आलेली चरबी काढून मुठीत वळतात. फिकट पिवळसर, मेणासारखा कडक गोळा, खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास वितळतं तर हे 40 च्या जवळ, म्हणून ते भर उन्हाळ्यातही बोटाने निघत नाही. सुरीने कपचा काढायचा, पळीत धरून मंद आचेवर विरघळवायचा आणि कोमट असतानाच टाचांच्या भेगांत भरायचा, दोन मिनिटांत तो तिथेच थिजतो, वरून मोजे. भेगेत बसून राहणं ना करडईला जमतं ना तिळाला, ती वाहून चादरीला लागतात. तेलकट चेहऱ्याला मी हे नाही लावणार, जड पडतं. पण सिंधुदुर्गाकडे किंवा गोव्याला कुणी जात असेल तर आवर्जून सांगून ठेवा, तिथे भिरंडेल म्हटलं तरी कळतं.

कुठलंही घ्या, आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज नाही आली तरच पुढे.