कादिझ: आधी तावीरा मनोरा, मग बाकीचं गाव

जुन्या गोव्यातली चर्च लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला स्पेनमधल्या आणखी एका सोनेरी वेदीचं फारसं अप्रूप नसतं. म्हणून दक्षिण स्पेनमधल्या कादिझ या बंदराच्या शहरात कथीड्रलपासून, म्हणजे मुख्य चर्चपासून, सुरुवात करू नये. सेव्हिलहून आगगाडी साधारण पावणेदोन तासांत बंदराला खेटून, जुन्या शहराच्या तोंडाशीच सोडते. टॅक्सी लागत नाही. तिथून सरळ तावीरा मनोरा गाठावा.

1717 साली अमेरिकेतल्या वसाहतींशी चालणाऱ्या स्पेनच्या व्यापाराचा कारभार सेव्हिलहून कादिझला आला, आणि आपलं जहाज दिसतंय का हे पाहायला व्यापाऱ्यांनी घरांच्या गच्चीवर मनोरे चढवले. शंभराहून अधिक अजून उभे आहेत. त्यांतला तावीरा समुद्रसपाटीपासून 45 मीटर उंच, आणि 1778 पासून तो बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच तिकीट काढावं.

खरी मजा वरच्या अंधाऱ्या खोलीत आहे. छपरावरच्या आरशातून आणि भिंगातून बाहेरचं दृश्य खाली एका पांढऱ्या, खोलगट तबकावर पडतं. फोटो नव्हे, चालू दृश्य: दोरीवरची चादर हलते, गल्लीतून माणूस चालत जातो. मार्गदर्शक आरसा फिरवून शहर फिरवतो, आणि जवळचं-लांबचं स्पष्ट करायला तबक वर-खाली करतो. हे सगळं उन्हावर चालतं. आभाळ भरलं की चित्र मळकट, पाऊस असला की खेळ बंद. म्हणून ऊन चांगलं वर आल्यावरची वेळ घ्यावी. तिकिटावर वेळ आणि भाषा दोन्ही ठरलेल्या असतात. इंग्रजीची वेळ आधी विचारून ठेवावी, नाहीतर स्पॅनिश ऐकत बसावं लागेल. गुण पाचपैकी पाच.

कथीड्रलला तीन. बांधकाम 1722 ते 1838 इतकं रेंगाळलं. आत मान वर केली की छताखाली जाळी ताणलेली दिसते. खारी हवा दगडात मुरते, आत मिठाचे स्फटिक धरतात आणि दगडाचे कपचे सुटतात. ते डोक्यावर पडू नयेत म्हणून ही जाळी. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बसिलिकाचा गिलावा 1950च्या दशकात काढल्यावर उघड्या चिऱ्याचं पावसानं काय झालं, हे ठाऊक असलेल्यांनी इथे जरा जास्त वेळ थांबावं. जुन्या घरांच्या भिंतींजवळ जाऊनही बघावं: इथल्या स्थानिक दगडात अख्खे शिंपले रुतलेले असतात, बोटानं चाचपता येतात. गोव्यात शिंपले खिडकीत बसवले, इथे ते भिंतीतच आले. कथीड्रलच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर जायला मात्र पायऱ्या नाहीत, उताराची वाट आहे. 1980 साली सापडलेलं रोमन नाट्यगृह जवळच आहे, अर्ध्या तासात होतं.

जेवणाची गडबड बहुतेक वेळेची होते. मडगावचा बाजार दुपारी पेंगतो तसंच इथेही, फक्त घड्याळ पुढे सरकलेलं. स्वयंपाकघरं साधारण दोन ते चार चालतात, मग थेट रात्री साडेआठच्या पुढे. मासळीबाजार रविवारी बंद. सोमवारी फळ्या अर्ध्या रिकाम्या, कारण आदल्या दिवशी होड्या गेलेल्या नसतात.

काय खावं? ‘तोर्तिल्यीता दे कामारोनेस’: गव्हाचं पीठ आणि बेसन, कांदा, पार्सली आणि सालासकट बारीक कोळंबी, तेलात पातळ पसरून तळलेली. आपल्या जवळ्याच्या भज्यांची सख्खी बहीण. कडा जाळीदार आणि कुरकुरीत हव्यात. जाड आणि मऊ आली तर पीठ घट्ट झालंय किंवा तेल तापलेलं नाही. ‘काथोन एन आदोबो’ म्हणजे मोरी, लहान शार्क मासा: व्हिनेगर, जिरं, लसूण, ओरेगानोत मुरवून, पिठात घोळवून तळलेली. आंबट-तिखटाची सवय असलेल्याला ती ओळखीची वाटेल, पण तिखटाची अपेक्षा ठेवू नये. तळलेली मासळी कागदात वजनावर मिळते; दोघांना पाव किलो पुरते. शाकाहाऱ्यांनी ‘पापास आलिन्यास’ मागवावं, म्हणजे ऑलिव्ह तेल-व्हिनेगरमधले उकडलेले बटाटे. मागवताना ‘सिन आतून’ म्हणायला विसरू नये, नाहीतर वर ट्यूना येतो.

संध्याकाळी ला कालेता किनारा. तोंड पश्चिमेला, दोन टोकांना दोन किल्ले, सूर्य समुद्रात. लेवांते हा पूर्वेचा वारा सुटला असेल तर छत्री टिकत नाही आणि वाळू डोळ्यांत जाते. तेव्हा किनारा सोडून किल्ल्याच्या भिंतीच्या आडोशाला उभं राहावं. परतीची शेवटची गाडी आधीच पाहून ठेवा. उन्हाळ्यात सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो, आणि घड्याळ न पाहता थांबलेल्यांची गाडी तिथेच चुकते.