२८ दिवसांचा निवासी व्यसनमुक्ती कार्यक्रम: आतला महिना चोख, बाहेरचं वर्ष वाऱ्यावर

रेटिंग: पाचपैकी साडेतीन.

माझा धाकटा भाऊ दारूसाठी इथे राहून गेला त्याला दीड वर्ष होत आलं. डिस्चार्जच्या दिवशीच रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, "जाता जाता एक छान रिव्ह्यू टाका ना." त्या दिवशी टाकला असता तर पाच तारे गेले असते. दाढी केलेला, डोळे स्वच्छ, हात स्थिर असा भाऊ समोर उभा होता, आणखी काय हवं? पण मी फार्मासिस्ट आहे. रक्तदाबाची गोळी पहिल्या महिन्यात लागू पडली म्हणून रक्तदाब बरा झाला असं मी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगत नाही, म्हणून थांबले. केंद्राचं नाव देत नाही. मला बोलायचंय ते या २८ दिवसांच्या साच्याबद्दल, आणि तो अनेक ठिकाणी असाच आहे.

आधी पहिला आठवडा, कारण तिथे मी पूर्ण मार्क देते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, छाती धडधडते. हे डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. इतकं सविस्तर लिहिलं ते मुद्दाम, कारण "खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल" असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो.

इथे कोंडलं नाही. दर काही तासांनी नाडी, रक्तदाब आणि थरथर तपासून तक्त्यावर नोंद होत होती. क्लोरडायझेपॉक्साइडचा, म्हणजे थरथर आणि फिट आवरणाऱ्या शामक औषधाचा, डोस रोज थोडा उतरवत आठवड्याअखेर बंद केला. थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी दिलं होतं. हा क्रम मी तक्त्यावर स्वतः पाहिला. दीर्घकाळ पिणाऱ्यांत थायमिन कमी असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्यांना हा क्रम कळतो त्यांच्या हाती मी माझा माणूस पुन्हा देईन.

पुढचे तीन आठवडे ठीक. सकाळी व्यायाम, मग गटचर्चा, दुपारी समुपदेशन, संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या गटाची, मीटिंग. समुपदेशक अनुभवी होते आणि उपदेश करत नव्हते. खोल्या स्वच्छ. फोन काढून घेतात, हे आधी सांगतात. भेटीच्या वेळी भाऊ एकदा म्हणाला, "ताई, इथे अवघड काही नाहीच गं. प्यायला मिळतच नाही तर सोडायचं काय?" मला ते वाक्य तेव्हा हसण्यावारी नेता आलं नाही.

आता तक्रार. शेवटच्या दिवशी छोटा समारंभ झाला, टाळ्या झाल्या आणि 'उपचार यशस्वीरीत्या पूर्ण' असं प्रमाणपत्र मिळालं. पूर्ण? २८ या आकड्यामागे मेंदूचं काही गणित नाही. अमेरिकेतल्या निवासी केंद्रांनी ती मुदत रूढ केली, विमा कंपन्यांना ती सोयीची पडली आणि पुढे तीच सगळीकडे गेली. त्याच अमेरिकेतली व्यसनावर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते की ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा परिणाम मर्यादित राहतो आणि त्याहून बराच जास्त काळ ते चालू ठेवणं इष्ट. ते ९० दिवस सगळे वॉर्डात काढायला हवेत असं नाही, घरी राहून ओपीडीत जाणंही त्यात धरतात. मनोविकारांच्या निदानासाठी डॉक्टर जी नियमावली वापरतात तिच्या २०१३ च्या आवृत्तीत, तलफ सोडून बाकी कुठलंही लक्षण किमान तीन महिने नसेल तर 'सुरुवातीची मुक्ती' आणि बारा महिने नसेल तर 'टिकलेली मुक्ती' असं म्हटलंय. या हिशेबाने भाऊ प्रमाणपत्र घेऊन घरी आला तेव्हा पहिल्या पायरीवरही पोचला नव्हता.

घरी काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. झोप रात्री दोनलाच तुटायची, आणि हे कितीतरी महिने चाललं. कशात रस नाही. साध्या प्रश्नावर खेकसणं. वहिनी घाबरून मला विचारायची, "ताई, हे चोरून पितायत का?" पीत नव्हता. शरीरातून दारू काही दिवसांत जाते, पण तिच्या आधाराने चालायची सवय लागलेला मेंदू सावरायला महिने लागतात, आणि त्या काळात झोप बिघडणं, चिडचिड, मन उदास राहणं हे नेहमीचंच. डिस्चार्जच्या कागदावर हे चार ओळींत मावलं असतं. तिथे होतं: 'गोळ्या वेळेवर घ्या. वाईट संगत टाळा.'

मग काही महिन्यांनी तो प्यायला. एका लग्नाहून येताना, आणि पुढचे तीन दिवस. मी केंद्राला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "नवीन ॲडमिशन घ्यावी लागेल मॅडम, कोर्स पहिल्यापासून." म्हणजे आधीचं सगळं वाया? समुपदेशकांना गाठलं तेव्हा सूर वेगळाच निघाला. त्यांनी भावाला दुसऱ्या दिवशी ओपीडीत बोलावलं, डॉक्टरांकडून तपासून घेतलं, तीनच दिवस प्यायल्यामुळे आणि थरथर नसल्यामुळे भरतीची गरज नाही म्हणाले, आणि तासभर एवढंच विचारत बसले की पहिल्या घोटाआधीच्या दोन दिवसांत काय काय झालं होतं. त्यातून निघालं की झोपेच्या त्रासाला कंटाळून त्याने मीटिंगला जाणं आधीच बंद केलं होतं. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन सुरू झालं, दर आठवड्याला भेट ठरली. अर्धा तारा कापणार होते तो या गृहस्थांमुळे वाचला. पण ही सेवा माहितीपत्रकात कुठेच नाही, आपण हट्टाने मागितली तरच मिळते.

व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरतात आणि २००० साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तुलनेनुसार ते दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांसारखंच आहे. दम्याचा झटका परत आला म्हणून कुणी पेशंटला बेशरम म्हणत नाही.

मग लागतो तरी किती वेळ? मला सगळ्यात उपयोगी पडले ते २००७ साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासाचे आकडे. त्यात हजाराहून जास्त लोकांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांना सोडून वर्षही झालं नव्हतं त्यांच्यातले जेमतेम एक तृतीयांश लोक पुढे टिकले. वर्ष पार केलेल्यांत निम्म्याहून कमी घसरले. पाच वर्षं काढलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली आलं. तुमच्या घरी 'आता झालं ना बरं?' असं कुणी दुसऱ्या महिन्यात विचारलं तर हे आकडे दाखवा. आणि 'किती वेळा सोडणार रे?' असं विचारलं तर हे सांगा: २०१९ च्या एका पाहणीत, व्यसनातून बाहेर आलेल्यांना लागलेल्या गंभीर प्रयत्नांची सरासरी पाचाच्या वर निघाली, पण मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, दोनच. थोड्या लोकांना फार खेपा लागतात आणि ते सरासरी वर ओढतात.

दारू सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामबद्दल एक सूचना, कारण दुकानात याच्याच चिठ्ठ्या जास्त येतात. ही गोळी चालू असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, कधी प्रकृती गंभीर होते. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. माणसाला न सांगता ती द्यायला मागणाऱ्यांना मी साफ नाही म्हणते. केंद्राने भावाला ती समजावून, सही घेऊन देऊ केली, त्याने नको म्हटलं, त्यांनी ते मानलं. हे चांगलं.

घरच्यांसाठी महिन्याभरात फक्त एक सत्र होतं, तेही वॉर्डाचे नियम सांगण्यात संपलं. वहिनीला खरा आधार नंतर अल-ॲनॉन या दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटातल्या बायकांकडून मिळाला.

ज्यांचा माणूस ब्राऊन शुगर किंवा तत्सम अफूजन्य पदार्थ घेतो, त्यांनी असा नुसता महिन्याचा कार्यक्रम घेऊ नये असं माझं ठाम मत. महिनाभरात शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर येऊन जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. तिथे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं, अफूची तलफ आवरणारं औषध दीर्घकाळ चालू ठेवणारी सोय आहे का, आणि जास्त डोस झाल्यास उतारा म्हणून घरी ठेवायला नॅलॉक्सोन मिळेल का, हे भरतीच्या आधी विचारा. दारूसाठी जाणार असाल तर तीन गोष्टी लेखी मागा: डिस्चार्जनंतर पहिली भेट कोणत्या तारखेला, वर्षभर फोन कोण करणार, आणि माणूस मधेच प्यायला तर पुन्हा अख्खा महिना भरावा लागेल का. तिसऱ्या प्रश्नावर रिसेप्शनवरच्या बाई गडबडल्या तर थेट समुपदेशकांना भेटायला मागा.