इंटरस्टेलर आयमॅक्सला बघितला: ७५० चं तिकीट, आणि त्यातले कोणाला किती

दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचा हा अवकाशावरचा पिक्चर २०१४ चा आहे, मी तो लॅपटॉपवर कमीत कमी पाच वेळा बघितलाय, तरी ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी सकाळची पंचवटी पकडून नाशिकरोडहून मुंबईला गेलो, सोबत मामेभाऊ होता, तो बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. खरं तर हे दहा वर्षांचं री-रिलीज अमेरिकेत ६ डिसेंबर २०२४ लाच आलं होतं, आपल्याकडे तेव्हा आयमॅक्सच्या, म्हणजे त्या प्रचंड मोठ्या पडद्याच्या, सगळ्या स्क्रीन पुष्पा २ ला गेलेल्या, म्हणून आपल्याला दोन महिने थांबावं लागलं आणि ७ फेब्रुवारीला मिळाला तो पण एकच आठवडा, कारण १४ ला छावा येणार होता. त्या एका आठवड्यात तिकिटं कशी उडाली ते ज्यांनी ॲपवर बघितलं त्यांना माहितीय. आम्हाला मागून तिसऱ्या रांगेत कडेच्या दोन सीटा मिळाल्या, ७५० ला एक.

आधी शोबद्दल सांगतो. भारतात ७० एमएम आयमॅक्सचं रीळ लावणारं थिएटर आता नाही, म्हणजे आपण बघतो ते डिजिटल, नोलनने जे पूर्ण उंच चित्र शूट केलंय तेवढं आपल्याला दिसतच नाही. तरीपण. साधे सीन चालू असतात तेव्हा वर-खाली काळी पट्टी असते आणि मग यान निघतं आणि पट्टी जाते, पडदा एकदम वरपासून खालपर्यंत भरतो, तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलं पण नाही. असा तासाभराहून जास्त भाग आहे. शनीच्या शेजारून ते बारकं पांढरं यान सरकतं ना, लॅपटॉपवर तो एक ठिपका असतो, इथे तो ठिपकाच आहे पण आजूबाजूचा काळोख एवढा मोठा आहे की पोटात गोळा येतो. आवाज मात्र माझ्या मते जरा जास्तच चढवलेला होता, संगीतकार हान्स झिमरचा ऑर्गन वाजायला लागला की डायलॉग खाली दबतात, पण हे पिक्चरमध्येच तसं आहे, त्याला थिएटर काही करू शकत नाही.

थिएटरने एक गोष्ट मात्र वाईट केली. पाण्याच्या ग्रहावरून अंतराळवीर परत येतात, तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि यानात परत येऊन कळतं की २३ वर्षं गेलीत, मग हिरो कूपर, म्हणजे मॅथ्यू मॅकॉनहे, मुलांचे साठलेले व्हिडिओ बघायला बसतो. बरोब्बर तिथे लाइट लागले. इंटरव्हल! मॅकॉनहेच्या डोळ्यात पाणी आणि आमच्यासमोर समोशाची जाहिरात. अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात जिव्हारी लागणारा सीन आहे तो, इंटरव्हल दहा मिनिटं आधी केला असता तरी चाललं असतं. यासाठी माझा एक स्टार कमी.

आता पैशाचं, कारण खरं तर मला लिहायचंय ते हेच. परत येताना गाडीत भाऊ म्हणाला, दादा, साडेसोळा कोटी डॉलरचा पिक्चर आणि रिलीजच्या वेळी जगभरात धंदा ६८ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे पन्नास कोटी नफा ना सरळ? सगळीकडे हेच लिहिलेलं असतं, बजेट एवढं कलेक्शन एवढं, वजाबाकी केली की झालं. तसं नसतं रे बाबा. मी त्याला आपल्याच तिकिटाचे भाग करून दाखवले. ७५० मध्ये १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला आहे, म्हणजे ११४ रुपये सरकारचे. राहिले ६३६. त्यात थिएटरवाल्याचा वाटा. आपल्याकडे २००९ ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सचं मोठं भांडण झालं होतं, दोन महिने नवीन मोठे हिंदी पिक्चरच लागले नव्हते, तेव्हा जो तोडगा निघाला त्यात पिक्चरवाल्याला पहिल्या आठवड्याला निम्मे, दुसऱ्याला साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, मग तीस असं ठरलं. तोच हिशोब धरला तर आपल्या ७५० मधून पिक्चरवाल्याकडे गेले ३१८. आणि कलेक्शनची जी बातमी येते ती तिकीटबारीवरची असते, ३१८ ची नसते.

हे मला पटकन कळतं कारण घरी शेती आहे. लासलगावला माल नेला की भाव पुकारला जातो तो एक आकडा, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हिशोबपट्टीवर हातात पडतो तो वेगळा आकडा, आणि त्यातून बी-खत-मजुरी अजून वजा करायचीच असते. पिक्चरचं कलेक्शन म्हणजे पुकारलेला भाव.

आणि प्रत्येक देशाची कापाकापी वेगळी. इंटरस्टेलरने अमेरिका-कॅनडात १८.८ कोटी डॉलर केले, चीनमध्ये १२ कोटींच्या वर, ऐकायला चीन केवढा मोठा वाटतो, पण चीनमध्ये बाहेरच्या स्टुडिओला कलेक्शनच्या २५ टक्केच मिळतात, म्हणजे त्या १२ मधले हातात आले तीनच कोटी. मग जगभरची जाहिरात, प्रिंट, वितरण हे सगळं त्या साडेसोळाच्या वर, बजेटच्या आकड्यात ते धरलेलंच नसतं. म्हणून धंद्यातले लोक ढोबळ हिशोब सांगतात की बजेटच्या अडीचपट कलेक्शन झालं की पिक्चर पाण्याच्या वर आला.

त्यात नोलनचा करार. तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे त्याला २ कोटी डॉलर उचल आणि ती वळती करून कमाईत २० टक्के. नफ्यात नाही, कमाईत! म्हणजे स्टुडिओच्या हातात काही उरो न उरो, त्याचा वाटा आधी बाजूला निघणार.

मग शेवटी उरलं किती? डेडलाइन या हॉलिवूडच्या बातम्या देणाऱ्या साइटने २०१५ मध्ये सगळं धरून हिशोब काढला होता, तिकिटं, डीव्हीडी, टीव्ही सगळं जमा, आणि खर्च, जाहिरात, लोकांचे वाटे वजा. निव्वळ नफा आला ४.७२ कोटी डॉलर. त्या वर्षीच्या फायद्यातल्या पिक्चरांमध्ये विसावा नंबर. ६८ कोटी गल्ला आणि उरले पाच कोटींच्या आत, ते पण पॅरामाउंट, वॉर्नर अशा स्टुडिओंमध्ये वाटायचे. भाऊ गप्पच बसला एकदम, कसारा येईपर्यंत काही बोलला नाही.

मला हा आकडा बघून उलट आदर वाटतो. कारण पैसा कुठे गेला ते पडद्यावर दिसतं. कृष्णविवरासाठी किप थॉर्नसारख्या शास्त्रज्ञाकडून खरी समीकरणं घेतली, डबल निगेटिव्ह या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कंपनीतल्या लोकांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं, काही फ्रेम तर अशा की एकेक बनायला शंभर तासांपर्यंत लागले, आणि एका सेकंदाला चोवीस फ्रेम असतात हे लक्षात घ्या. यानाच्या खिडकीबाहेर हिरवा पडदा लावून नंतर भरलेलं नाही, सेटच्या बाहेर मोठे पडदे लावून त्यावर अवकाश प्रोजेक्ट केलं, नटांना खरंच समोर दिसत होतं. आयमॅक्सवर हा फरक चेहऱ्यावरच्या उजेडात दिसतो, लॅपटॉपवर मला कधी जाणवला नव्हता.

आणि मका. सुरुवातीला जे शेत आहे ना, ते खरं आहे, कॅनडात अल्बर्टामध्ये ५०० एकर मका फक्त पिक्चरसाठी लावला, त्यातून गाडी घातली, धुळीची वादळं उडवली, आणि शूटिंग झाल्यावर उरलेला मका विकून त्यात फायदा काढला. एवढ्या मोठ्या खर्चात माझा सगळ्यात आवडता हिशोब हाच आहे, कॉम्प्युटरवर शेत काढत बसण्यापेक्षा पेरलं आणि विकलं.

तर परत कधी लागला तर घ्यावं का तिकीट? डोळे झाकून घ्या, पण कडेच्या सीटा घेऊ नका, मान दुखते, मधल्या नसतील तर दुसरा दिवस बघा. लहान मुलांना नेऊ नका, १६९ मिनिटं आहे वर इंटरव्हल, आमच्या मागचं पोरगं दुसऱ्या भागात रडायला लागलं आणि त्याच्या आईची फार तारांबळ झाली. एवढं सगळं झाल्यावर जुन्या पिक्चरला पुन्हा ७५० द्यावे का असं कोणाला वाटत असेल तर त्यांना सांगेन की री-रिलीजला सेट नाही, शूटिंग नाही, जाहिरात पण फारशी नाही, जे येतं ते बरंचसं हातात राहतं. असल्या री-रिलीजांवर आता एकूण कलेक्शन ७० कोटी डॉलरच्या पुढे गेलंय. दहा वर्षांनी आपले ३१८ रुपये पोचतात ते अशा पिक्चरला पोचले तर मला आनंदच आहे.

१४ मार्चला परत लागला तेव्हा बाबांना घेऊन गेलो, या वेळी मधल्या सीटा. त्यांना गोष्ट अर्धी कळली असेल. ते ड्रोनच्या मागे गाडी मक्यातून नेतात तो सीन आला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, अरे, एवढा उभा मका तुडवला, नंतर काय केलं त्याचं? विकला, म्हणलं. भाव मिळाला का? मिळाला बाबा. मग त्यांनी हात सोडला आणि पुढे बघायला लागले.