जोडून सुट्टी: सातारा की सांगली?

नाशिकच्या मामेभावाचा फोन आला. शुक्रवार ते रविवार जोडून सुट्टी आहे, जुनी बांधकामं बघायचीत, तिथलं खायचंय आणि महाबळेश्वर नकोय. "दादा, सातारा धरू की सांगली?"

मी कराडचा. सातारा आमचा जिल्हा आणि सांगली माझी सासुरवाडी, तेव्हा कुठलंही नाव घेतलं तरी बोलणी खायची तयारी ठेवून लिहितोय. दोन्ही सहली बायकापोरांना घेऊन झाल्यात: साताऱ्याची ऑगस्टच्या जोडसुट्टीत, सांगलीची २६ जानेवारीला धरून.

एकच वास्तू बघायची असेल, तर पुढचं वाचूच नका, साताऱ्याला जा. लिंबची बारा मोटेची विहीर बघा. वरून पिंडीसारखा आकार: अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडलेली चौकोनी लहान आणि दोन्हींच्या मधे, पाण्याच्या डोक्यावर, चक्क एक छोटा महाल. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती आमराईसाठी बांधून घेतली. रुंद पायऱ्यांनी सगळेच उतरतात. गंमत आहे ती भिंतीतल्या अरुंद जिन्यात. अंधारात हात दगडावर ठेवून चढायचं आणि एकदम महालात उजेडात निघायचं. आमची धाकटी चार वेळा वर-खाली झाली. वर मोटांच्या जागा मोजताना पोरांची पैज लागली, बारा की जास्त, ती घरी येईपर्यंत मिटली नव्हती.

शिवाय संगम माहुलीची देवळं आहेत. कृष्णा-वेण्णेच्या काठचा विश्वेश्वर मला वाईच्या ढोल्या गणपतीपेक्षा जवळचा वाटतो, कारण तिथं घाटावर नुसतं बसता येतं. शहरातला राजवाडा आतून बघायला मिळेल असं धरून जाऊ नका. बाहेरचं लाकूडकाम बघून समाधान मानायचं. खाण्यात कंदी पेढा. खवा तांबूस होईस्तोवर भाजलेला, साखर बेताची, म्हणून तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. पहिल्याच दिवशी संपवणाऱ्यांना हे कळत नाही.

मग अडलं कुठं? वाईच्या रस्त्यावर.

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथला घाट दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता. घाटावरच्या देवळात वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, ती पोरांना दाखवायची होती. सकाळी नऊला साताऱ्याहून निघालो. पाचवडपर्यंत झकास. तिथून वाईकडे वळलो आणि थोड्याच वेळात गाडी जी थांबली ती थांबलीच. पुढची सगळी गर्दी पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली. तिला ना मेणवलीशी देणंघेणं ना नानांशी, पण रस्ता एकच. डोक्यावर टोपली घेतलेला एक कणीसवाला आमच्या शेजारून चालत होता. त्याच्याकडून आम्ही दोनदा कणसं घेतली, दुसऱ्यांदा घेतली तेव्हा तो परतीच्या वाटेवर होता. मेणवलीत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता, धाकटी रडत होती आणि वाड्यात चौकामागून चौक ओलांडताना माझं अर्धं लक्ष घड्याळावर. जेवायला साताऱ्यात परत येऊन एका नावाजलेल्या मिसळवाल्याकडे थांबलो तर चिठ्ठीवर नंबर, आणि पुढे जवळजवळ तासाभराचे लोक. मिसळ चांगली होती म्हणे. मला चव आठवत नाही.

यात साताऱ्याचा दोष नाही, हे मान्य. आडवारी गेलो असतो तर कदाचित उलटं लिहिलं असतं. पण जोडून सुट्टी म्हटली की सातारा हे दुसऱ्यांच्या वाटेवरचं गाव होतं.

सांगली कुणाच्याच वाटेवर नाही. सांगलीकरांना हे लागतं, पण तीन दिवसांच्या सहलीला यासारखं सुख नाही. गणपती मंदिराचा काळा दगड सकाळी सातला गार असतो, अंगणात चार म्हाताऱ्या आणि आपण. तिथून नदीकाठी आयर्विन पूल. १९२९चा हा दगडी कमानींचा पूल बघायला म्हणून कुणी जात नाही, पण पावसाळ्यात अख्खी सांगली त्याच्याच आकड्यावर जगते. "पुलावर किती फूट?" हा सासूबाईंचा फोनवरचा पहिला प्रश्न. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७च्या वर गेलं. म्हणून जुलै-ऑगस्टात सांगलीचं नाव काढू नका, एवढं मात्र ठासून सांगतो.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ आहेच, पण मला पेवं जास्त आवडतात. हळद साठवायला जमिनीत खोल खणलेले, वर तोंड अरुंद आणि आत पोटात फुगलेले खड्डे. बांधकाम म्हणावं की नाही कोण जाणे. सासरेबुवांनी मला एक दाखवलं: आधी तोंड उघडून हवा खेळू द्यायची, कंदील सोडून तो विझत नाही ना बघायचं, मगच माणूस उतरायचा. २००५च्या पुरात बरीचशी गेली. जानेवारीत नवी हळद यायला लागते, मार्केट यार्डात सौद्यांच्या वेळी नुसतं उभं राहिलं तरी शर्टाला वास राहतो.

मिरज रिक्षाच्या अंतरावर. दर्ग्याजवळच्या गल्लीत सतारींचे भोपळे टांगलेले असतात. एका कारागिरानं थोरल्याच्या हातात कोरा भोपळा दिला आणि वाजवून बघ म्हणाला, तो अजून तेच सांगत असतो.

आणि खिद्रापूर. कोल्हापूर जिल्ह्यात येतं, हे कोल्हापूरकर आठवण करून देतीलच, पण सांगलीहून सोयीचं. कोपेश्वराचा स्वर्गमंडप म्हणजे ४८ खांब आणि छताच्या मध्यभागी मुद्दाम मोकळं ठेवलेलं गोल आभाळ. खाली तेवढ्याच आकाराची एक गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघायला आमच्या आधी कुणी रांगेत नव्हतं, मागेही नव्हतं. येताना उसाच्या ट्रॉल्यांनी वेळ खाल्ला, गाणी लावून संथ चाललेल्या, पण चालत होत्या. वाटेत नरसोबाच्या वाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी.

सांगलीत उणं नाही असं नाही. दुपारी एक ते चार गाव झोपतं, राहायची हॉटेलं यथातथाच, आणि पेढा साताऱ्याच्या पेढ्यापुढे उभा राहत नाही. पण संध्याकाळची भडंग घातलेली भेळ आहे, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारीची भाकरी आहे. माझ्या जिभेला हे रोज चालेल. पेढा रोज नाही.

मामेभावाला सांगली सांगितली. विहिरीसाठी येताना अर्धा दिवस लिंबला थांब, पण सकाळी आठच्या आत, असंही बजावलं. त्याच्या बायकोनं मागून विचारलं, "भाऊजी, पण पेढे?" ते मी आधीच आणून ठेवलेत.