टोकियोतला गल्लीतला स्किनचा दवाखाना: हिवाळाभर जाऊन झाल्यावर

निशिकासाईत आपली माणसं भरपूर, त्यामुळे सल्लेही भरपूर. त्वचेचा डॉक्टर हवा म्हटलं की सगळे सांगतात, शहरात जाऊन इंग्रजी बोलणारं क्लिनिक गाठ. मी घराजवळच्याच ‘हिफुका’त, म्हणजे त्वचेच्या दवाखान्यात, गेले आणि हिवाळाभर तिथेच जातेय. माझं जपानी भाजीबाजारापुरतं. तरी साध्या तक्रारीसाठी गल्लीतलाच डॉक्टर बरा, असं माझं ठाम मत झालंय.

पोटातली कळ सांगावी लागते, बोटावरचा इसब नुसता दाखवला की झालं. इथल्या कोरड्या थंडीत माझ्या बोटांना भेगा पडतात, खाजवून रक्त येतं, खोबरेल तेलानं भागत नाही. डॉक्टरबाईंनी हात पालथे केले, भिंगातून पाहिलं, संपलं.

अडतं ते आधी, काउंटरवर. माय नंबर कार्ड (इथलं ओळखपत्र, तेच विम्याचं कार्ड म्हणूनही चालतं) यंत्रात ठेवून चेहरा दाखवायचा किंवा चार आकडी पिन द्यायचा, हे सोपं. नंतर हातात फॉर्म येतो: कधीपासून, कुठे, कसली ॲलर्जी, कोणती औषधं चालू. कानागावा इंटरनॅशनल फाउंडेशनचे बहुभाषिक फॉर्म नेटवर फुकट मिळतात, विभागवार. त्यात जपानीही सोबत छापलेलं असतं, त्यामुळे आपण कशावर खूण केली ते पलीकडच्या माणसाला कळतं. घरूनच भरून न्यावा.

खरी मजा शेजारच्या औषधाच्या दुकानात. चिठ्ठी दिल्या दिवसासकट चारच दिवस चालते, तेव्हा लगेच जावं. मला स्टेरॉइडचं मलम आणि हेपारिनॉइड, म्हणजे त्वचा ओलसर ठेवणारं औषध, एकत्र कालवून पांढऱ्या डबीत दिलं. फार्मासिस्टनं स्वतःच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढली आणि दोन्ही तळवे दाखवले: एवढ्यात एवढं. मी कंजुषी करत चोळायचे, ते तिनं हातानंच खोडून काढलं. इथे स्टेरॉइडच्या ताकदीचे पाच वर्ग आहेत. आपला कुठला, हे बोटानं दाखवूनही विचारता येतं. सगळं ‘ओकुसुरी तेचो’ या औषधांच्या वहीत चिकटतं, आणि पुढच्या खेपेला ती वहीच आपल्या वतीनं बोलते. हेपारिनॉइडचा मूळ ब्रँडच हवा असा हट्ट केलात, तर 2024 च्या ऑक्टोबरपासून वरचे पैसे पडतात. जेनेरिकनं माझं काही अडलं नाही.

खर्च? विमा असेल तर तीस टक्के आपले. पहिल्या भेटीची मूळ फी 2024 च्या जूनपासून 291 पॉइंट, पॉइंटला 10 येन. म्हणजे आपल्या वाट्याला साधारण 870. औषधं वेगळी.

तक्रारी आहेतच. तास-दीड तास बसायचं आणि आत तीन मिनिटं. भांड्यांच्या साबणामुळे होतंय का, हे विचारेपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलेलं असतं. आता प्रश्न कागदावर जपानीत लिहून नेते आणि आत शिरताच पुढे करते. मग उत्तर मिळतं, ‘हातमोजे, आत सुती.’ दुपारी बंद, आठवड्यात एक दिवस बंद, शनिवारी जत्रा. फोनवर विचारपूस करायची तर जपानी येणारं कुणीतरी हाताशी लागतंच.

तीळ रंग बदलतोय, तुकडा काढून तपासायचाय, असलं काही असेल तर मात्र खुणांवर भागवू नये. दुभाष्याची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. फक्त तिथे दुसऱ्या डॉक्टरच्या शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय थेट गेलात तर बहुतेक ठिकाणी निदान 7,000 येन जास्तीचे पडतात, आणि ती चिठ्ठी गल्लीतलाच डॉक्टर लिहून देतो.